दिवाणखान्यातला काळा डाग

चिंचोळीच्या जहागीरदारांच्या जुन्या दिवाणखान्यातला गिलावा फुगून गळून पडला, तेव्हा कोंडिबा गवंड्याला बोलावणं गेलं. जहागीरदार भुजंगराव मिशी पिळत म्हणाले, "नवा चुना जुन्यात असा मिळाला पाहिजे की जोड दिसता कामा नये. दिसला, तर थापी नदीत फेकायची आणि गाव सोडायचं!"

भुजंगराव साठीपुढचे, मिशा मात्र कोळशासारख्या. त्यांना रोज सकाळी कलप लागतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

कोंडिबानं पंधरा दिवस खपून भिंत घोटली. मग भुजंगराव चार मंडळी घेऊन बघायला आले. मिशी पिळत, भिंत बोटानं चाचपत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पण जोड काही सापडेना. परत फिरताना मात्र ओरडले, "हा बघा डाग! गवंड्या, केलीस ना घाण?"

कोंडिबानं हात जोडले. "सरकार, माझ्यासारखा वेंधळा गवंडी पंचक्रोशीत नाही. माझ्या स्वतःच्या घराची भिंत कलती आहे, तिच्याकडे बघून बायको रोज माझा उद्धार करते. चाळीस वर्षांत जाईन तिथं मी डाग पाडले. पण सगळे पांढरे. काळा पाडायची कला काही मला अजून साधली नाही."

मंडळी आढ्याकडे बघू लागली. भुजंगरावांनी बोट हळूच धोतराला पुसलं आणि म्हणाले, "भिंत झकास झालीय."

धोतरावर काळा पट्टा उमटला. तोही आपल्या नावावर जाऊ नये म्हणून कोंडिबा दोन पावलं मागं सरला.