पिशवीवरचा पोपट

“...मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

एवढं विचारून हेमलता मठाच्या पायरीवर टेकली.

रेवणबुवा समोरच्या वाफ्यातून ओली हळद काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेमलता गावातल्या बचत गटाची प्रमुख. गावच्या बाजारातून प्लास्टिकची पिशवी घालवीन, असं ती ग्रामसभेत सगळ्यांसमोर बोलून बसली होती. बायांनी तीन महिने खपून चारशे कापडी पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर दोऱ्यानं पोपट काढला, घरोघर दिल्या. आणि कालच्या मंगळवारच्या बाजाराला तिनं वेशीशी उभं राहून पाहिलं, तर कापडी पिशव्या सातच. बाकी ज्याच्या त्याच्या बोटाला प्लास्टिकच लोंबत होतं. गटातल्या बाया हिरमुसल्या. म्हणाल्या, आता सुईला हात लावणार नाही.

“फेकून दिल्या का लोकांनी?”

“फेकतील कशाला? कपाटात आहेत, साड्यांच्या घडीत. चांगली आहे, मळेल म्हणतात.”

“दाखव बरं एक.”

तिनं पर्समधून अलगद काढली. पांढरीशुभ्र, इस्त्री केलेली. मधोमध रेशमाचा हिरवा पोपट.

“आमच्या रखमाबाईनं या एका पोपटाला आठ दिवस घातलेत.”

“किती बाजार फिरली ही?”

“ही?... ही नमुन्याची, बुवा. लोकांना दाखवायला.”

“मग तू भाजी कशात आणतेस?”

हेमलता जरा घुटमळली.

“यांच्या जुन्या पँटची एक शिवलीय. ती काय दाखवायची...”



बुवांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. वाफ्यातली हळद मातीसकट उचलली आणि आत टाकली. एक ओंजळ... आणखी एक ओंजळ, पिशवी तुडुंब होईपर्यंत. एक गड्डा मोडला होता. त्याचा पिवळाजर्द डाग पोपटाच्या पंखावर उमटला.

“बुवा, हा डाग निघायचा नाही हो.”

“नाहीच निघायचा.”

“रखमाबाई रडेल.”

“मग पहिल्यांदा तिच्याच दारी जा. मठाचा प्रसाद म्हणून हळद वाटत जा.”

हेमलताला जाववत नव्हतं. पण बुवांचा शब्द मोडायचा कसा? ती निघाली.

रखमाबाई दारातच होती. तिची नजर पोपटावर गेली आणि तिथंच थांबली.

“ताई... माझा पोपट.”

“बुवांनी भरली गं. त्यांच्या हातानं.”

 रखमाबाईनं हळदीचा एक गड्डा उचलला, कपाळाला लावला, आणि तडक आत गेली. कपाटाचं दार वाजलं.

“मग माझी काय पूजेला ठेवलीय?” आपली कोरी पिशवी झटकत ती बाहेर आली. “ओता यात निम्मी. पलीकडची आळी मी करते.”

संध्याकाळपर्यंत दोघींनी गाव पालथं घातलं. जिथं जिथं हळद पोचली, तिथं तिथं कपाटं उघडली.

पुढच्या मंगळवारी हेमलता पुन्हा वेशीशी उभी राहिली. शंभरापर्यंत तिनं मोजलं, मग नाद सोडला. मेथी, मिरच्या, सुकट, सगळं कापडातून चाललं होतं. कुणी तर पिशवीचा डाग दुसरीला दाखवत होती, “माझी बघ, पहिल्याच दिवशी तेल सांडलं.” भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे गठ्ठे बांधलेले तसेच पडून होते.

ती तशीच मठात गेली. खांद्याला तीच पिशवी, हळदीनं पिवळी, कोथिंबिरीनं ओली.

“बुवा, झालं. गाव जिंकलं.”

बुवांनी पायरीकडे हात केला, तशी ती टेकली.

“बाया स्वतःहून म्हणतायत, आणखी दोनशे शिवू. फक्त एक विचारायचं होतं... यापुढं साध्याच शिवाव्यात का? पोपट बिचारा उगाच मळतो.”

बुवांनी पिशवी मांडीवर घेतली. पोपटाच्या पिवळ्या पंखावरून अंगठा फिरवला...

“पोपट राहू दे,” ते म्हणाले. “त्याला बाजार आवडलाय.”