माशीनंतर आणि धुळीआधी

एका गावात एक सुतार होता. हात सोन्याचे, पण बढाई मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं एकदा चक्क बोलणारी बैलगाडी बनवली! काही बिघडलं की गाडी स्वतःच ओरडायची. “चाक कुरकुरतंय! डावा बैल शिंकला! चाक कुरकुरतंय! चाक अजून कुरकुरतंय!”

“माझी गाडी काही म्हणून लपवत नाही,” सुतार मिशीला पीळ देत सांगायचा.

“अहो, पण ऐकणाऱ्याचं डोकं उठतं त्याचं काय?” बायको म्हणायची. सुतार ते हसण्यावारी न्यायचा.

गाडीची कीर्ती राजाच्या कानावर गेली. तो म्हणाला, “आम्ही बसून पाहू. पसंत पडली तर तू दरबारचा सुतार!” सुतार आनंदानं साऱ्या गावाला हे सांगत सुटला.

राजा बसला, गाडी निघाली आणि तिचं तोंडही सुटलं. “गादीला सुरकुती पडली! चाक कुरकुरतंय! महाराज जड आहेत!” राजानं वैतागून कानात बोटं घातली. बैल हाकणारा सुतार मात्र खुशीत होता.

“माशी बसली! चाकाची खीळ निसटली! धूळ उडाली!” गाडी एका दमात म्हणाली. इतक्या कलकलाटात ते कुणाच्या ध्यानात येणार? चाक गाडीला मागं टाकून एकटंच पुढं गेलं आणि राजा धपकन चिखलात पडला.

“महाराज, गाडीनं सांगितलं होतं हो!” सुतार रडकुंडीला आला.

“कधी?”

“माशीनंतर… आणि धुळीआधी.”

राजा कडाडला, “उद्या पुन्हा निघू. असंच झालं तर गाडी चुलीत आणि तू गावाबाहेर!”

सुतार घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. “तिची जीभच काढून टाकतो.”

“म्हणजे उद्या चाक गुपचूप निखळेल!” बायको म्हणाली. “अहो, घराला आग लागली तर मी बोंब ठोकीन. डब्याला पोचा पडला तर जेवताना सांगते, आणि तेही एकदाच. गाडीला एवढं शिकवा की!”

सुतार खजील झाला. त्यानं गाडीला समोर घेऊन सगळं नीट समजावलं. आणि हो, इतके दिवस कुरकुरणाऱ्या चाकाला वंगणही घातलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गप्प. सुताराला वाटलं, ही बया आता बोलणारच नाही की काय! तोच नदीच्या उतारावर गाडी गरजली, “थांबा! आस तडकला!”

बैल थांबले, शिपाई थांबले, राजानं श्वाससुद्धा रोखला. सुतारानं वाकून पाहिलं, तर दोन्ही चाकांना जोडणारा आस खरंच मोडायला आला होता. आणि उताराखाली खोल डोह होता.

राजानं गळ्यातला कंठा काढून तिथंच सुताराच्या गळ्यात घातला. नवा आस बसवून मंडळी मुक्कामाला पोचली आणि जेवायला बसली, तेव्हा गाडी हळूच खाकरली.

“आता सगळे निवांत आहेत म्हणून सांगते. महाराज, तुम्ही खरंच जड आहात.”

राजानं आज ते नीट ऐकलं. पानातला एक लाडू त्यानं मुकाट्यानं परत केला.

तात्पर्य: माशी बसली म्हणून जो घसा फोडतो, त्याची खीळ निसटल्याची हाक कुणी ऐकत नाही.