कोंडाईचा ओटा

घाटात रस्ता नव्हता, गाडी नव्हती, आणि वर जायचं म्हणजे माणसानं आपलेच दोन पाय वापरायचे, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. धारवंडच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

धारवंड म्हणजे वर डोंगराच्या कडेला असलेला धनगरवाडा. खाली कोकणात आंबेशेत. आणि दोन्हींच्या मधे उभ्याची चढण. आता हे नाव कसलं? तर त्या वाटेवर दम घ्यायचा तो उभ्यानं. वरची माणसं तूप, मध, हिरडा घेऊन खाली उतरायची आणि मीठ, तांदूळ, सुकी मासळी डोक्यावर घेऊन वर चढायची. डोक्यावरचं ओझं एकट्याला खाली ठेवता येत नाही. म्हणजे ठेवता येतं, पण परत डोक्यावर कोण चढवून देणार? मग माणूस ओझ्यासकट उभा राहायचा, कड्याला पाठ लावायचा, आणि धाप ओसरली की पुढं निघायचा.

त्या धारवंडात कोंडाबाई ढेबे राहायची. अंगानं काटकुळी, पण जिद्दीची अशी की एकदा नाही म्हणाली तर म्हशीनंसुद्धा तिच्यापुढं हार मानावी. तिचा नवरा धाकू, आणि एकुलती एक लेक बनू. बनूला खाली आंबेशेतात दिलेली.

एका उन्हाळ्यात धाकू मिठाची पाटी घेऊन चढणीला लागला. मध्यावर आला आणि त्याला भोवळ आली. मागून येणाऱ्यांनी लांबून पाहिलं. तो डुलत होता, पण पाटी धरून होता. ते ओरडले, "अरं धाकू, टाक ती पाटी!" पण टाकतोय कशाला? घरात मीठ नव्हतं. तो तसाच उभा राहिला आणि उभ्याउभ्याच गेला. असं म्हणतात, की माणूस पडला तरी पाटीतलं मीठ सांडलं नव्हतं.

कोंडाबाई रडली, सगळे रडतात तशी रडली. आणि दिवसकार्य उरकल्यावर डोळे पुसून म्हणाली, "पुरं झालं. त्या चढणीत मी निवारा बांधणार. माझी बनू पोटुशी हाय. ती म्हायेरी येईल तवा मधे तिला बसायला जागा पायजे."

सगळा वाडा तिच्याकडं बघतच राहिला. कारण त्या घाटाच्या माथ्यावर, खिंडीत, वाघजाईचा तांदळा होता, म्हणजे शेंदूर लावलेला देवीचा दगड. आणि ही वाघजाई उघड्यावरची देवी. तिला छप्पर चालत नाही. वाडवडिलांपासून कोणी तिच्या घाटात कुडाची भिंत उभारली नव्हती, की छपराची मेढ रोवली नव्हती.

देवीची पूजाअर्चा सिदू गुरवाकडं. माणूस वाईट नव्हता बरं का, पण भित्रा आणि हेकट. तो म्हणाला, "कोंडाबाय, खुळी का काय तू? आई कोपली तर गावाची राखरांगोळी व्हईल."

"आईला नको आसंल छप्पर," कोंडाबाई म्हणाली. "तिला थंडी वाजत न्हाई. मानसाला वाजती. तुमी कौल लावा, गुरवदादा. ती न्हाई म्हनली तर मी गप घरी बसंन."

मग कौल लावला. सिदू गुरवानं फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीला चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं. वाडा सगळा हात जोडून उभा. वारा सुटला, ऊन कललं, माणसांच्या पायांना मुंग्या आल्या, पण एकही पाकळी जागची हलेना.

"न्हाई म्हनली का?" कोंडाबाईनं विचारलं.

"न्हाई म्हनली न्हाई... पर व्हय बी म्हनली न्हाई," गुरव चाचरला.

"मग ती इचार करतीया. करू दे निवांत. तवर मी भिंत घालते."

आणि ती उठून दगड वेचायलाच लागली! माणसांना हसावं की घाबरावं कळेना. त्या पाकळ्या मात्र तिथंच राहिल्या. असं म्हणतात, की उन्हानं त्या सुकल्या नाहीत आणि पावसानं वाहून गेल्या नाहीत.

पहिला निवारा तिनं खिंडीतच बांधला, देवीपासून थोडा बाजूला. जागा सपाट होती, दोन्हीकडचा मुलूख दिसायचा. कारवीचे कूड, वर गवताचं छप्पर. कोणी मदतीला आलं नाही. सकाळी शेरडं सोडायची, दगड वाहायचे, संध्याकाळी शेरडं कोंडायची, असा तिचा नेम. आणि पावसाळा लागला तसा घाटातला वारा आला, त्यानं छप्पर उचललं आणि पार दरीत नेऊन टाकलं.

सिदू गुरव धावतच आला. "बघ! आईनं उडवलं!"

कोंडाबाई चिखलात बसली होती. ती म्हणाली, "आईनं उडवायचं आसतं तर मला उडवलं आसतं. छपरानं तिचं काय घोडं मारलंय? मी वाऱ्याच्या तोंडात बांधलं. माझंच चुकलं."

पण त्या चुकीची किंमत मोठी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बनूचे दिवस भरत आले, आणि भर पावसात, भरल्या पोटी, मधे टेकायला जागा नसलेली ती चढण कोण चढणार? तिच्या सासूनं पाठवलं नाही, आणि सासूचंही बरोबरच होतं. बनू खालीच बाळंत झाली. मुलगी झाली. कोंडाबाई पावसातून उतरून गेली, तर लेक तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "आये, मला आता म्हायेर न्हाई गं. ही चढण हाय तवर न्हाई."

कोंडाबाईच्या काळजाला घरं पडली. परत चढताना पाऊस अंगावर घेत ती एकेक वळण निरखत आली. धाकू जिथं गेला होता त्या वळणावर ती थांबली. वर कड्याची कपार पुढं आलेली, वारा डोक्यावरून निघून जात होता, आणि कपारीत पाणी पाझरत होतं. एवढी वर्षं ती तिथून गेली होती, पण डोक्यावर ओझं असलं की माणूस वर बघतो कुठं?

पावसाळा सरला आणि तिनं तिथं काम धरलं. कपारीला टेकून दगडी भिंती घातल्या. पाण्याखाली लहानसं टाकं खोदलं. या खेपेला वाड्यातल्या चार बायका आपणहून आल्या, कारण ओझी त्याही वाहत होत्या. छप्पर पक्कं झालं, आत बसायला सुबक ओटा झाला, शेणानं सारवून लख्ख केला. आणि कोंडाबाई पहिला वाटसरू कोण येतो ते बघत दारात बसली.

आली आंबेशेतची एक मासळीवाली. सावलीत आली, थांबली, "बरं केलंस गं बाय" म्हणाली. आणि पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली.

"बस की!" कोंडाबाई म्हणाली.

"बसू कशी? पाटी खाली ठेवली तर उचलून कोण देनार? तू हायस म्हणून आज बसंन. उद्या कोण?"

कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आता बघा, जन्मभर जिनं डोक्यावर पाट्या वाहिल्या, नवरा जिचा पाटीपायी गेला, तिनं ओटा बांधला तो घरच्या ओट्यासारखा, गुडघ्याएवढा! कारण ओटा म्हटला की घरचा, एवढंच तिच्या डोक्यात. ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिला रडू आलं. मासळीवालीलाही कळेना हिला झालं काय.

दुसऱ्या दिवसापासून दारालगत दुसरा ओटा चढू लागला. कोंडाबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्याला भिडून उभी राहायची, आणि पाटीचं बूड जिथं येईल तिथवर दगड चढवायची. हा ओटा ओझ्याचा. पाटी डोक्यावरून सरळ त्याच्यावर सरकवायची, बसायचं, पाणी प्यायचं, आणि निघताना डोकं खाली घालून पाटी परत ओढून घ्यायची. हात लावायला कोणी नको. त्या घाटात त्या वर्षी पहिल्यांदा माणसं खाली बसली.

आणि बनूचा सांगावा आला. चैत्रात वाघजाईची यात्रा भरते, तेव्हा पोरीला देवीच्या पायावर घालायला घेऊन येते.

यात्रेच्या दिवशी खिंडीत दोन्हीकडची माणसं जमली. कोंडाबाई काही वर गेली नाही. ती आपल्या निवाऱ्यात, दाराजवळची जागा झाडून, घोंगडी अंथरून बसली. दुपार कलली आणि आभाळ काळंठिक्कर पडलं. मग गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा! खिंडीत आडोसा कुठला? सगळी यात्रा पळत सुटली ती खाली कोंडाबाईच्या निवाऱ्याकडं. जागा फार तर एका घरच्या माणसांची, आणि आलं सगळं गाव.

"जागा न्हाई!" आतून कोणीतरी ओरडलं.

"सरका!" कोंडाबाई म्हणाली. माणसं सरकली आणि जागा झाली. आणखी आली, परत "सरका!", परत जागा झाली. असं म्हणतात, की भिंती तेवढ्याच होत्या आणि माणसं मावत गेली. दाराजवळची घोंगडी मात्र तिनं कोणाला दिली नाही. "ती माझ्या बनूची," ती म्हणायची, आणि कोणाची टाप नव्हती तिथं बसायची.

सगळ्यांत शेवटी आला सिदू गुरव. डोकं फुटलेलं, थरथर कापत होता. दारातच थांबला. ज्या छपराला जन्मभर नको म्हणाला त्याच्याखाली कुठल्या तोंडानं जाणार?

कोंडाबाईनं एकदा खाली वाटेकडं बघितलं. तिथं काहीच दिसत नव्हतं. मग तिनं त्याचा हात धरला आणि त्याला बनूच्या घोंगडीवर बसवलं. स्वतः दाराबाहेर गारांत जाऊन उभी राहिली आणि हाका मारू लागली.

"बनूऽऽ! हिकडं गं! वर ये!"

ती हाका मारत राहिली. घसा बसला, आवाज फुटेना. असं म्हणतात, की तिचा आवाज बसला तरी हाक थांबली नाही. ओठ नुसते हलत होते आणि हाक कड्यातून येत होती, डोंगर ती खाली नेऊन पोचवत होता. आतल्या सगळ्यांनी ती ऐकली. सिदू गुरव तर कानांवर हात ठेवून "आई, आई" म्हणत रडू लागला.

खाली बनूला पुढचं पाऊल दिसत नव्हतं. तान्ही पोर टोपलीत, टोपली डोक्यावर, वर सूप उपडं घातलेलं, आणि सुपावर गारा ताडताड वाजतायत. हाकेच्या मागं मागं ती चढत राहिली. एकाएकी कपाळ दगडाला टेकलं. टोपलीचं बूड अलगद ओझ्याच्या ओट्यावर बसलं, जसं कोणी हातांनी धरून ठेवावं. तिनं मान काढून घेतली. आणि टोपलीतून पोर खणखणीत रडली.

कोंडाबाईनं टोपली छातीशी धरली आणि लेकीला आत ढकललं. सिदू गुरव घोंगडीवरून उठला. "बस, पोरी. तुझीच जागा हाय." बनू बसली. आणि गुरवाला बसायला परत जागा होतीच.

गारा थांबल्यावर सगळे खिंडीत गेले. देवीची उजवी पाकळी पडलेली होती. सिदू गुरवानं ती उचलून कोंडाबाईच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, "लई येळ लावलास गं बाय!" आणि तिनं देवीला हात जोडले. पुढं पिकलं पान गळावं तशी ती गेली. तोवर रोज टाकं साफ करायची आणि दारात बसून खाली नजर ठेवायची. माणसं तिला कोंडाई म्हणू लागली, आणि उभ्याची चढण हे नाव पुसून गेलं.

आता घाटात कच्चा रस्ता झालाय. ओझी वाहणारी माणसं उरली नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी पाठपिशव्या लावून चढणारी पोरंपोरी येतात, सायकलवाले येतात. कोंडाईचा ओटा म्हणतात तो निवारा अजून उभा आहे. छप्पर दर वर्षी यात्रेआधी धारवंडची आणि आंबेशेतची माणसं मिळून शाकारतात. उंच ओट्याला सायकली टेकतात, आणि पाठपिशवी तिथं ठेवली की परत खांद्यावर घ्यायला कोणाचा हात लागत नाही. कोणी नवखा दाराजवळ बसला तर वाड्यातलं कोणीतरी सांगतं, "तिथं नको बाबा, आत सरक. ती येणाऱ्याची जागा हाय."

आणि निघण्याआधी प्रत्येकानं दारात उभं राहून खाली हाक मारायची. "येतंय का कोणीऽऽ?" मग थोडं थांबायचं. खालून ओ आली तर कोणी निघत नाही, तो माणूस वर येईपर्यंत थांबतात. कधीकधी वाटेवर कोणीच नसतं, तरी ओ येते. तेव्हाही लगेच कोणी निघत नाही. आतली माणसं थोडी सरकून बसतात.