शेण न टाकणाऱ्या गाई

लक्ष्मीपूजनाचा दिवस, सकाळचा पहिला प्रहर. देवगव्हाणच्या राजवाड्यापुढचं मैदान. ठमा गवळीण आपल्या तांबड्या गाईचं दावं धरून उभी होती आणि पशुप्रधान रंगराव त्या गाईला हद्दपारीची शिक्षा सुनावत होते.

"सातासमुद्रापार आपलं तूप विकायचं, तर असली मरतुकडी जनावरं राज्यात दिसता कामा नयेत! उद्या पाडव्याला परदेशी व्यापारी येताहेत. महाराज, सरकारी गोठ्यातली विलायती गाय घागरभर दूध देते. आणि ही? वाटीभर!"

"वाटीभर देते तेच नवल!" ठमा उसळली. "गावची सगळी वैरण तुमच्या गाड्यांनी सरकारी गोठ्यात नेली. तिनं काय माझा पदर खावा? घरी वासरू उपाशी हंबरतंय, सरकार!"

राजे हिंदुराव हट्टाला पेटले होते. "आम्हाला जगात पहिला नंबर हवा! तुझ्या तांबडीनं आत्ताच्या आत्ता विलायती गाईला हरवलं तर ती राहील. नाहीतर दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर!"

दरबारी फिदीफिदी हसले. तांबडी गेली की वासरू गेलंच. ठमानं समोरच्या सरकारी गोठ्याकडे पाहिलं. झेंडूचं तोरण, भलंमोठं कुलूप. आतल्या गाई अजून कुणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या. का, तर म्हणे त्यांना दृष्ट लागते!

तेवढ्यात तांबडीनं शेपटी उचलली आणि मैदानात भला थोरला पो टाकला.

"शी! महाराजांपुढे शेण!" रंगराव धोतर सावरत मागे सरले.

ठमाचे डोळे लकाकले. "सरकार, तांबडीनं तिचा डाव टाकला! उद्या अंगणात गोवर्धन घालायला राणीसाहेबांना शेण लागणारच. विलायती गाईनं याहून मोठा पो टाकून दाखवावा. मी हरले, तर मीच हिला हाकलते."

"हात्तिच्या, एवढंच? रंगराव, आणा घमेलं भरून!"

रंगरावांना दरदरून घाम फुटला. "महाराज, त्या... त्या उच्च कुळीच्या गाई आहेत. त्या शेण टाकत नाहीत!"

"कधीच?"

"कधीच नाही! सुधारित जात आहे ती!"

ठमानं हात जोडले. "म्हणजे जिंकले मी! पण एक शंका आहे, सरकार. रोज वैरणीच्या गाड्यांवर गाड्या त्या दारातून आत जातात आणि बाहेर शेणाचा कणही येत नाही. एवढं खाऊन माग न ठेवणारं जनावर मी जन्मात एकच पाहिलंय, आणि त्याला पाय दोनच असतात!"

राजे इतके हसले, इतके हसले, की पागोटं घरंगळून थेट त्या शेणात पडलं! कुलूप फोडलं. आत कोऱ्या दावणी होत्या; गाय एकही नव्हती. तांबडीला राजबागेत चरायची मुभा मिळाली, ठमाला साडीचोळी, गावाला रंगरावांनी लाटलेली वैरण परत. आणि रंगराव? त्यांना घमेलं देऊन तांबडीच्या मागे उभं केलं!

पाडव्याला राणीसाहेबांचा गोवर्धन तांबडीच्याच शेणाचा झाला. त्याच सकाळी वैरणीच्या गाड्या पुन्हा त्या रिकाम्या गोठ्याकडे गेल्या. रंगराव तर घमेलं धरून तांबडीच्या मागेच उभे होते; मग कुणाच्या हुकमानं, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.