बंधाऱ्याच्या पायथ्याची ओल

एका राज्यात पूल, घाट आणि बंधारे बांधणाऱ्यांचे एक मंडळ होते. सभासद पुष्कळ, पण ज्येष्ठ सभासद मोजकेच. ज्येष्ठाला दरबारात पुढे बसायला मिळे आणि त्याच्या बांधकामाची पुन्हा कधी तपासणी होत नसे. ज्येष्ठ म्हटल्यावर त्याच्या हातून चूक कशी होईल, असा मंडळाचा साधा हिशोब होता.

हे पद मागून मिळे. रीतसर अर्ज करायचा, दोन ज्येष्ठांची शिफारस आणायची आणि आपले एक नवे काम मंडळाला दाखवायचे. त्यात खोट निघाली, तर पाच वर्षे पुन्हा अर्ज करता येत नसे.

हैबतराव हे या मंडळाचे एक सभासद. माणूस हुशार, कामाला चोख. त्यांचा एकही घाट खचला नव्हता, एकही पूल वाहून गेला नव्हता. पण त्यांच्या मागून आलेले दोघे ज्येष्ठ झाले आणि हैबतरावांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनीही अर्ज केला. दाखवायला म्हणून कुरणवाडी गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा बंधारा घातला. पाहणीचा दिवस जवळ येत होता, म्हणून बंधाऱ्याच्या पोटातली चिकणमाती नीट चोपून घ्यायला त्यांनी वेळ दिला नाही.

पाहणीच्या आदल्या दिवशी ते बंधाऱ्याच्या पायथ्याशी फिरत होते. एके ठिकाणी पायाला ओल लागली. त्यांनी बोटाने माती उकरली. पाणी झिरपत होते, आणि ते गढूळ होते. निवळ पाणी झिरपले तर एक वेळ चालते. गढूळ झिरपले, म्हणजे आतली माती वाहून चालली. हे हैबतरावांना कोणी शिकवायला नको होते.

उपाय एकच होता. पाणी सोडून द्यायचे, तेवढा भाग खोदायचा आणि पुन्हा बांधायचा. पण मग उद्या मंडळाला दाखवायचे काय? 'आधी पद पदरात पडू दे,' ते मनाशी म्हणाले, 'उन्हाळ्यात गुपचूप दुरुस्ती करू.' त्यांनी ओलीवर दगड रचले आणि वर हिरवळ बसवली. जागा इतकी छान दिसू लागली, की दुसऱ्या दिवशी मंडळींनी नेमके तिथेच बसून फराळ केला.

फराळानंतर मंडळाचे प्रमुख नागेशपंत यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "बंधारा कुठे गळत तर नाही ना?"

"थेंबभरसुद्धा नाही," हैबतराव म्हणाले. कुरणवाडीचे पाटील शेजारीच उभे होते. त्यांनीही ते ऐकले. हैबतराव ज्येष्ठ झाले.

उन्हाळा यायच्या आधीच अवकाळी पाऊस आला आणि बंधारा काठोकाठ भरला. हैबतराव धावत पायथ्याशी गेले. रचलेल्या दगडांच्या फटींतून मनगटाएवढी गढूळ धार निघत होती. पावसात सगळा ओढाच गढूळ, त्यामुळे ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती.

ते तसेच नागेशपंतांकडे गेले. "पंत, बंधारा फुटणार. पाणी सोडायला हवं, गाव हलवायला हवं."

नागेशपंत हसले. "ज्येष्ठ झालात, तरी तुमचा विनय काही सुटत नाही!"

"विनय कसला? माणसं पाठवा, बंधारा तपासा."

"ज्येष्ठाचं काम तपासायचा नियम नाही, हैबतराव."

मग हैबतराव पाटलांकडे गेले. पाटील म्हणाले, "रावसाहेब, थेंबभर गळत न्हाई, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. आता ज्येष्ठांच्या कोनत्या शब्दावर इस्वास ठिवायचा? त्या दिसाच्या, का आजच्या?"

हैबतरावांची मान खाली गेली. बंधारा फुटणार, एवढेच ते सगळ्यांना सांगत होते. आपल्याला हे कधीपासून ठाऊक आहे, ते अजून कोणाला सांगितले नव्हते. ते सांगितले की पद जाणार होते. न सांगितले तर गाव.

त्यांनी पाटलांना आणि गावकऱ्यांना बंधाऱ्यापाशी नेले. आपल्या हातांनी हिरवळ उपटली आणि दगड बाजूला केले. "मंडळाची माणसं इथे फराळ करत होती, तेव्हाही इथून पाणी येत होतं," ते म्हणाले. "मी ते आदल्या दिवशी पाहिलं होतं. पद मिळावं म्हणून झाकलं."

आता मात्र कोणी काही विचारले नाही. सगळे गावाकडे धावले. माणसे आणि गुरेढोरे टेकडीवर चढली. संध्याकाळी बंधारा फुटला. जीव कोणाचा गेला नाही, पण ओढ्याकाठची घरे आणि उभी ज्वारी वाहून गेली.

मंडळाने हैबतरावांचे पद काढून घेतले. ज्येष्ठांचीही कामे तपासायची, असे ठरवायला मग मंडळाला वेळ लागला नाही. हैबतराव कुरणवाडीला गेले आणि पाटलांसमोर हात जोडून उभे राहिले. "माझं पद गेलं, पाटील. मला शिक्षा मिळाली."

पाटील चिखलातून घराचे वासे ओढून काढत होते. ते म्हणाले, "पद काय, पाच वर्सांनी पुन्यांदा मागता येतंय. आमी घरं कुनाकडं मागायची?"



तात्पर्य: मान मिळवण्यासाठी झाकलेली चूक मान मिळाल्यावर उघडी करणे अधिकच अवघड होते, आणि तिची किंमत चूक करणाऱ्यापेक्षा त्याच्यावर विसंबलेल्यांनाच जास्त मोजावी लागते.