डिस्कचं हक्काचं अक्षर

संगणक अजून टेबलावरच बसून असत, खिशात मावत नसत, त्या काळची ही गोष्ट. मालवणच्या शालन केरकरांकडे बाहेरून जोडायची एक डिस्क होती. त्यांच्या दिवंगत आईने म्हटलेली फुगडीची गाणी त्या डिस्कच्या पोटात होती. ती जोडली की संगणक तिला ‘ई’ अक्षर द्यायचा, आणि गाणी लावणारा प्रोग्राम ‘ई’च्या दारात जाऊन गाणी आणायचा.

एकदा एक पेनड्राइव्ह आधी येऊन ‘ई’वर बसला. मागून आलेल्या डिस्कला ‘एफ’ मिळालं. प्रोग्राम सवयीने ‘ई’कडे गेला आणि म्हणाला, “गाणी सापडत नाहीत.”

शालनताई ताडकन उठल्या. त्यांनी बहिणीला फोन लावला. “नलू, आईचा आवाज गेला गं! डिस्क पुसून पुन्हा सुरू करून बघू का?”

डिस्क कळवळून ओरडली, “संगणकदादा, सांगा ना त्यांना, मी इथेच आहे!”

“विचारल्याशिवाय मी बोलत नाही,” संगणक म्हणाला. “आणि तुझं अक्षर कुणी ठरवलंय कुठे? पहिलं मोकळं अक्षर आधी येईल त्याचं.”

तिकडून नलू ओरडली, “ताई, पुसू नकोस! पेनड्राइव्ह आधी लावला असशील, तर डिस्क ‘एफ’वर गेली असेल; ते उघडून बघ.”

गाणी तिथेच होती. शालनताईंनी रडत रडतच डिस्कला कायमचं ‘झेड’ अक्षर देऊन टाकलं आणि प्रोग्रामलाही तोच पत्ता सांगितला.

पुढच्या वेळी दोन पेनड्राइव्ह आधीच येऊन बसले होते. डिस्क जीव मुठीत धरून आत आली.

“ये,” संगणक म्हणाला. “तुझी जागा राखून ठेवलीय.”

आणि खोलीत आई गाऊ लागली.