त्याची चावी

फार पूर्वी एकदा, नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाला सुचलं नव्हतं तेव्हा, नदीकाठी एक गाव होतं. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण ती त्यांचीच आहे.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हींचं मिळून एक दगडी कोठार होतं. गावाची कामं करणाऱ्यांचं वर्षाचं धान्य त्यात असे. विहीर उपसणारा, राखणदार, नावाडी, सगळे त्यावर जगत. नावेचा नवा दोरही तिथेच ठेवत. हिवाळ्यात दोन्ही आळ्या एकत्र बसून तो वळत.

कोठाराला कुलपं दोन. एकेक चावी एकेका आळीच्या मुखियाकडे. एकट्याला चोरी करता येऊ नये म्हणून पूर्वजांनी ही सोय केली होती. एकटा दार बंदही ठेवू शकेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नदीच्या दोन्ही काठांवरच्या झाडांना जाड दोर बांधलेला असे. नावाडी तो हातांनी ओढत नाव पलीकडे नेई. दर अक्षय्य तृतीयेला कोठार उघडायचं, धान्य वाटायचं आणि नवा दोर बांधायचा, अशी रीत होती.

एका वर्षी गावाने झाडाला पार बांधायचं ठरवलं. वरच्या आळीचे मुखिया आबा म्हणाले, "आमच्या पिंपळाला बांधायचा." खालच्या आळीचे मुखिया नाना म्हणाले, "आमच्या वडाला."

अक्षय्य तृतीया आली. दोघेही कोठारापाशी आले. दोघांच्याही चाव्या कनवटीला.

"पिंपळाचं ठरल्याशिवाय चावी निघणार नाही," आबा म्हणाले.

"वडाचं ठरल्याशिवाय माझीही नाही," नाना म्हणाले.

दोघे घरी गेले. दोघांच्याही घरच्या कणग्या भरलेल्या होत्या. दोघांच्याही परसात स्वतःची विहीर होती.

पंधरा दिवसांत विहीर उपसणारा सासुरवाडीला निघून गेला. महिन्याने राखणदार गेला. नाव तेवढी चालू राहिली.

नावाड्याची बायको म्हणाली, "अहो, तुम्ही उपाशीपोटी ओढताय म्हणून त्यांचं भागतंय. उद्या नाव बांधून ठेवा, परवा दार उघडेल."

"सुईण पलीकडे राहते," नावाडी म्हणाला. "नाव बांधली तर कुणाची तरी लेक मरेल. आबाही मरणार नाहीत आणि नानाही."

पण दोर जुना झाला होता. अलीकडच्या काठावर, झाडाला घासून घासून, त्याचे पीळ सुटत चालले होते. नावाडी आबांकडे गेला.

"आबा, धान्य राहू द्या. दोर तेवढा काढून द्या. जुना पुरात टिकायचा नाही."

"मी कुठं नाही म्हणतो? नानाला सांग जा."

तो नानांकडे गेला. नाना म्हणाले, "दोरासाठी दार उघडलं तर वरच्या आळीची माणसं म्हणतील, नाना वाकला. मी वाकलेला दिसतो का रे तुला?"

"नाही, नाना. वाकलोय तो मी. दोर ओढून."

नानांना हसू आलं. चावी मात्र आली नाही.

दर तीन वर्षांनी ज्येष्ठात गाव आपापल्या मुखियाचा निवाडा करी. प्रत्येक आळीच्या चावडीवर दोन मडकी मांडत. एकावर चुन्याने चावी काढलेली, दुसरं कोरं. दर उंबऱ्यामागे एक चिंचोका. चावीच्या मडक्यात टाकला तर मुखिया राहावा. कोऱ्यात टाकला तर त्याची चावी काढून घ्यावी. वरच्या आळीने आबांचा निवाडा करायचा, खालच्या आळीने नानांचा. नावाडी घाटावर राहायचा. त्याला आळी नव्हती, म्हणून चिंचोकाही नव्हता.

ते वर्ष निवाड्याचं होतं. नावाडी दारोदार हिंडला. गाव चिडलेलंच होतं.

खालच्या आळीतला सुतार म्हणाला, "त्याची चावी काढून घेतलीच पाहिजे. माझी लेक बाळंतपणाला आलीय. दोर तुटला तर सुईण कशी आणू मी?"

"शब्द देता?"

"दिला."

वरच्या आळीतली तेलीण म्हणाली, "त्याची चावी घ्या आणि नदीत टाका. बसू दे म्हणावं बुडी मारत."

नावाडी मिळालेल्या प्रत्येक शब्दामागे सुतळीला एक गाठ मारी. गावात उंबरे ऐंशी. सुतळीला गाठी सत्तर झाल्या. त्याने ती बायकोला दाखवली.

ती म्हणाली, "सगळे 'त्याची' म्हणाले. त्याची म्हणजे कुणाची, हे विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? जो चावी घेऊन बसलाय त्याची."

बायको गाठी मोजत राहिली.

निवाड्याच्या दिवशी दोन्ही चावड्यांवर मडकी फोडली. वरच्या आळीचं कोरं मडकं रिकामं निघालं. खालच्या आळीच्या कोऱ्या मडक्यात एक चिंचोका निघाला. तो कुणी टाकला, याची त्या आळीत बरेच दिवस चौकशी चालली. कोठाराच्या दाराची चौकशी कुणी केली नाही.

नावाडी सुताराकडे गेला. "सुतारदादा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिलाच होता. आबाची चावी जायलाच हवी. पण त्यांच्या आळीनं ठेवली, त्याला मी काय करू?"

"आणि नानांची?"

"नाना आपला माणूस आहे," सुतार म्हणाला. "आपलीच चावी काढून घेतली तर वरची आळी आपल्या उरावर बसेल."

"माझ्या दोराला आळी नाही, दादा," नावाडी म्हणाला आणि घाटावर परतला.

दोर जिथे झिजला होता तिथे बांधायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याने ती गाठींची सुतळीच तिथे गुंडाळली आणि आवळून बांधली.

आषाढात नदी चढली. एका सकाळी सुतार धावत घाटावर आला. लेकीला कळा लागल्या होत्या आणि मूल आडवं होतं. पलीकडच्या काठावर त्याची हाक ऐकून सुईण गाठोडं घेऊन उभी राहिली.

बायको म्हणाली, "जाऊ नका." नावाड्याने दोराकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं आणि तो नावेत चढला.

नाव मध्यावर गेली आणि दोर तुटला. तुटला तो सुतळी बांधली होती तिथेच. नाव दोन कोसांवर सापडली. नावाडी सापडला नाही.

सुईण पलीकडे उभी होती. सुतार अलीकडे उभा होता. दिवस मावळायच्या आत त्याची लेक गेली आणि मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाव्या निघाल्या. कुणाला मागाव्या लागल्या नाहीत. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच दार उघडलं. धान्याचं पीठ झालं होतं, वर किडे चालत होते. नव्या दोरात उंदरांनी घर केलं होतं. हात लावताच त्याचे तुकडे पडले.

"नानानं वेळेवर चावी दिली असती तर," आबा म्हणाले. वरच्या आळीने माना डोलावल्या.

"आबानं दिली असती तर," नाना म्हणाले. खालच्या आळीने माना डोलावल्या.

सुतार घाटावर गेला. नावाड्याची बायको सामान बांधत होती. झाडाला दोराचं टोक तसंच लटकत होतं, त्यावर गाठींची सुतळी.

"वहिनी," सुतार म्हणाला. 

तिने सुतळी सोडवली आणि त्याच्यापुढे धरली. "यातली तुमची गाठ कुठली, दादा?"

सुताराने एकेक गाठ चाचपून पाहिली. सगळ्या गाठी सारख्याच दिसत होत्या.

ती गेली. नवा नावाडी त्या गावाला कधी मिळाला नाही.

तीन वर्षांनी पुन्हा मडकी मांडली. सुतार चिंचोका घेऊन आला. त्याचा हात कोऱ्या मडक्यावर गेला आणि तिथे थांबला. त्याच्या मनात आलं, आपण नानाला काढलं आणि त्यांनी आबाला ठेवलं तर?

चिंचोका चावीच्या मडक्यात पडला.

तात्पर्य: दाराला कुलूप घालणारा आपल्या बाजूचा आहे म्हणून जो त्याच्याच हाती पुन्हा चावी देतो, त्याने दार बंद असल्याची तक्रार करू नये.